रातकिड्यांपासून सुरू होणारा अल्बम

द रेन्स या अमेरिकी बँडचा ‘द मेडोलँड्स’ हा अल्बम पहिल्यांदा लावताना एक चूक जवळजवळ ठरलेली. पहिलं गाणं जेमतेम दीड मिनिटाचं: रातकिड्यांची किरकिर, हळू गिटार आणि शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेतानं गाणारा माणूस. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला जातो. मग दुसऱ्या गाण्याच्या, ‘हॅपी’च्या शेवटी ड्रम आणि गिटार एकदम अंगावर येतात, स्पीकर फाटतो आणि ‘नुसता गोंगाट’ म्हणून अल्बम बंद.

म्हणून आवाज आधी अकराव्या गाण्यावर ठरवा. ‘एव्हरीवन चूज साइड्स’ अर्धा मिनिट लावायचं, कानाला सोसेल तिथं थांबायचं आणि बटणाला परत हात न लावता पहिल्यापासून सुरू करायचं. जुलैत पत्र्याखाली हे जमत नाही; बेळगावचा पाऊस ती सुरुवात गिळून टाकतो. पाऊस ओसरल्यावर खानापूरकडं रात्री खिडकी उघडी ठेवून लावलं, तर किडे अल्बममधले की परसातले, हे काही सेकंद खरंच कळत नाही.

द रेन्स म्हणजे न्यू जर्सीतले चौघं: चार्ल्स बिसेल, ग्रेग आणि केविन व्हेलन हे भाऊ, ड्रमवर जेरी मॅकडॉनल्ड. १९९४ आणि १९९६ मध्ये दोन अल्बम आले. मग लेबलचा, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा, मालक बदलला, नव्या मालकाच्या करारावर यांनी सही केली नाही, आणि पुढचा अल्बम यायला सात वर्षं गेली. दिवसा नोकऱ्या, उरलेल्या वेळात राहत्या घरीच रेकॉर्डिंग. सप्टेंबर २००३ मध्ये ‘ॲब्सोल्यूटली कोशर’ या छोट्या लेबलनं तो काढला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, तरी आपल्याकडं हे नाव क्वचितच कुणाच्या तोंडी येतं.

मेडोलँड्स म्हणजे न्यूयॉर्कजवळचा, न्यू जर्सीतला दलदलीचा पट्टा. मोठं शहर पलीकडं, आपण अलीकडं. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको! गाणीही तशीच, तिशी उलटलेल्यांची: पैशाची ओढाताण, मोडलेली नाती, जमलं नाही ते. ‘दिस बॉय इज एक्झॉस्टेड’ची चाल उड्या मारणारी आणि शब्द मात्र पार दमलेल्या माणसाचे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली सेकंड शिफ्ट संपवून परतताना ते जितकं पटेल तितकं सकाळी पटणार नाही.

माझ्या मते अल्बमचा जीव ‘हॅपी’त आहे. साडेपाच मिनिटांत घाई कुठंच नाही. चाल फिरून फिरून येते, दर फेरीला एखादा थर चढतो आणि शेवटाकडं सगळं उसळतं. कुमार गंधर्वांचं सुळेभावी ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या, ख्याल ऐकलेल्या कानाला हा धीर नवा नाही. मात्र पहिल्या दोन मिनिटांत गाणं पुढं ढकललं की हाती काहीच लागत नाही. उलट ‘पर सेकंड सेकंड’ मुद्दाम खरखरीत ठेवलंय. तिथं आपला स्पीकर बिघडला असं समजू नये.

गिटारचे थर दोन्ही कानांत वाटलेले आहेत, त्यामुळं एकच इअरबड घालून ऐकणं फुकट. बास बूस्ट बंद ठेवा, नाहीतर बेस गिटार फुगते आणि तिच्याखाली शब्द दबतात. तरीही गढूळ वाटलं तर इक्वलायझरमध्ये २५० ते ४०० हर्ट्झ दोन-तीन डेसिबलनं खाली घ्या. अल्बम सुमारे ५६ मिनिटांचा. ३२० केबीपीएसच्या (फाइलच्या दर्जाचं माप) फाइलला साधारण १३५ एमबी लागतात, ९६ ला ४०. पण ९६ वर झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या वाजतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या वाटेनं जाणार असाल तर घरूनच डाउनलोड करून निघा, घाटात रेंजचा भरवसा नाही. बेळगाव-निपाणी बसमध्ये मात्र पूर्ण अल्बम आरामात होतो.

गाणी उलटसुलट क्रमानं लावणारं शफल अर्थातच बंद. एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणारं क्रॉसफेडही बंद, कारण किडे आणि ‘हॅपी’ यांच्यामधला सांधा तो खाऊन टाकतो. आणि ऑटोप्ले आठवणीनं बंद करा. शेवटचं गाणं म्हणजे दीडेक मिनिट पियानो आणि घसा फाटेपर्यंत ओरडणं. त्याच्या पाठोपाठ ॲपनं स्वतःच्या मनानं भलतंच काहीतरी चालू केलं, तर फोन फेकून द्यावासा वाटतो.