तुम्ही विचारलंत म्हणून: अवर मीटर असूनही मी वहीत तास का लिहितो

परवा पुन्हा एकाने विचारलं, तुझ्या मोटोक्रॉस बाईकला अवर मीटर, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते मोजणारं यंत्र, लावलंय ना, मग प्रत्येक राइडनंतर वही काढून काय लिहीत बसतोस. दर वेळी विषय बदलतो मी. आता एकदाच लिहून टाकतो.

किलोमीटर का नाही यात वेळ घालवत नाही, चिखलात जागच्या जागी फिरणाऱ्या चाकाचे किलोमीटर मोजून काय मिळतं ते तुम्हालाही माहितीये, आणि मोटोक्रॉस गाडीच्या मॅन्युअलमध्ये ऑइल, व्हॉल्व, पिस्टन सगळं तासांवरच असतं. 250 सीसी फोर स्ट्रोक, 13,000 आरपीएमच्या वर जाणारं इंजिन आणि त्यात ऑइल जेमतेम लिटरभर. त्याला तासच लागतात.

‘तास कशाला मोजायचे, इंजिन कधी उघडायचं ते आवाजावरून कळतं’ असं तुम्ही म्हणता. मीपण म्हणायचो. खूप ठामपणे म्हणायचो.

माझं मीटर साधं होतं, एक वायर स्पार्क प्लगच्या वायरीला चार वेढे देऊन गुंडाळायची, स्पार्क पडला की त्याला कळतं इंजिन चालू आहे. त्याच्यावर 31.4 होते. पुढच्या राइडलाही 31.4, त्याच्या पुढच्याही, आणि मी प्रत्येक वेळी बघितलं बरं का, बघितलं आणि मनात म्हटलं अजून चाळीस तास कुठे झालेत, पिस्टन बदलायला वेळ आहे. टाकीखाली वायर घासून तुटली होती. आतली बॅटरी स्वतंत्र असते त्यामुळे आकडा दिसत राहतो, नुसता पुढे सरकत नाही. इंजिन चालू असताना कोपऱ्यात एक चिन्ह लुकलुकायला पाहिजे, ते लुकलुकतंय का हे मी कधी पाहिलंच नाही. गाडी गरम झाली की स्टार्ट व्हायला त्रास द्यायला लागली होती, म्हणजे व्हॉल्व सीटमध्ये आत बसत चालले असणार, क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्वजवळची ठरावीक फट, संपत आला असणार. ती फट मोजायचं फिलर गेज घरात होतं. मी प्लग बदलला आणि निघालो.

चढावर, तिसऱ्या गिअरला, पूर्ण थ्रॉटलवर पिस्टन फुटला. मागचं चाक जागीच जॅम, क्लच दाबायलाही वेळ मिळाला नाही. मी पडलो, मला फक्त खरचटलं. माझ्या मागे धाकटा भाऊ होता. मला चुकवायला त्याने हँडल वळवलं आणि तो दगडांवर गेला, मनगट दोन ठिकाणी मोडलं. हेल्मेट काढल्यावर त्याने पहिलं काय विचारलं तर, ‘तू म्हणालेलास ना इंजिन नवीनच आहे?’ म्हणालो होतो. त्याच सकाळी, मीटरवरचा आकडा दाखवून.

इंजिन उघडल्यावर कळलं की तो पिस्टन केव्हाच बदलायला हवा होता. नेमके किती तास झाले होते ते आता कधीच कळणार नाही आणि हेच मला जास्त लागतं.

आता तारीख, निघताना मीटरवर किती, परत आल्यावर किती, आणि घड्याळाप्रमाणे अंदाजे किती वेळ चालवली, एवढं लिहितो. मीटरवर वाढलेले तास आणि घड्याळाचा वेळ जुळले नाहीत तर आधी वायर बघतो.

आता तुमचं म्हणणं. स्टँडवर आयडल ठेवलेला तास आणि वाळूत पूर्ण थ्रॉटल दिलेला तास मीटरला सारखाच. खरंय, वहीतला आकडाही इंजिनची खरी झीज सांगत नाही, तो दिसला की मी क्लिअरन्स तपासायला बसतो इतकंच. व्हायब्रेशनवर चालणारं मीटर तर गाडी टेम्पोत बांधून नेतानाही तास धरू शकतं. मग वहीने तो अपघात टळला असता का? वायर तुटलेली सापडली असती. गरम स्टार्टचा त्रास मी तरीही प्लगवरच ढकलला असता का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हाचा मी फार खात्रीने बोलायचो.

भाऊ पुन्हा चालवतो. निघण्याआधी विचारतो, किती झाले? मी मीटर नाही दाखवत, वही त्याच्या हातात देतो. तो शेवटची ओळ वाचतो, मग खाली वाकून वायर स्वतः बोटाने ओढून बघतो.