निष्कर्षाच्या रकान्यातला प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी प्राणिशास्त्र शिकवतो. मूल्यांकन समितीला दाखवण्यासाठी घेतलेले आमचे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारे, यंत्र अजून प्लास्टिकच्या आवरणात आहे, कारण रसायनांना निधी नाही. म्हणून यंदा जीनबँकेतून, म्हणजे डीएनए क्रमांच्या खुल्या संग्रहातून, इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या गुहावासी सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचरांचे मायटोकॉन्ड्रियल (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतल्या) डीएनएचे क्रम उतरवून घेतले आणि जातींची नावे झाकून मुलांना वंशवृक्ष काढायला दिला.

हे बेट सुमारे 24,000 चौरस किलोमीटरचे, म्हणजे विदर्भाच्या पावपट. तरी तिथे या सॅलॅमँडरांच्या पाच जाती आहेत. त्यांना फुप्फुसे नसतात, श्वास त्वचेतून चालतो, त्यामुळे ओलसर कपार सुटली की जीव धोक्यात येतो.

वंशवृक्षापेक्षा त्याआधीची मांडणी, म्हणजे सगळे क्रम अक्षराखाली अक्षर लावणे, अवघड. क्रमांतले एक अक्षर सरकले तरी खोटी फांदी उगवते, म्हणून मी आधी अमिनो आम्लांचे वाचन करून मध्येच थांब्याचा, म्हणजे प्रथिन संपल्याचा, संकेत येतो का ते तपासायला लावतो. त्यातही पृष्ठवंशीयांची मायटोकॉन्ड्रियल संकेतसारणी (कोणती तीन अक्षरे कोणते अमिनो आम्ल दर्शवतात ती यादी) निवडली नाही, तर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल दर्शवणारा टीजीए हा संकेत थांबा म्हणून वाचला जातो आणि मुले चांगला क्रम बिघडलेला समजून फेकून देतात. पाठ्यपुस्तकात यातले काहीही नाही.

परीक्षेच्या दिवशी एका मुलाच्या वृक्षात चार जाती एकत्र आल्या आणि पाचवी लांब फांदीवर एकटी राहिली. मांडणीत चूक असावी या शंकेने त्याने सारे पुन्हा तपासले. फांदी हलली नाही. नावे उघडल्यावर कळले, की चार जाती पूर्वेकडच्या आणि एकटी ती नैऋत्येची जेनेई, जिला काही अभ्यासक अटिलोड्स या वेगळ्या गटात घालतात. नकाशावर मध्ये कॅम्पिडानोचे सखल मैदान दिसते. ते पाहून तो म्हणाला, “सर, पावसाळ्यात तर ते रान वलं होत असन ना, मंग हे पलीकडं काऊन नाही गेले?”

मी सांगितले, की तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. शिवाय हे प्राणी जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना बेडूकमाशासारखी पाण्यातली डिंभावस्था नसते, त्यामुळे ओढ्याच्या पाण्यातून पिल्ले वाहत दूर जाण्याचीही सोय नाही. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. आज मैदान मध्ये आहे म्हणून फाटाफूट त्यानेच झाली, असे वृक्ष सांगत नाही. फूट जुनी असेल आणि मैदान नुसती आजची हद्द असेल, हेही शक्य आहे.

मुलाने हा प्रश्न जसाच्या तसा निष्कर्षाच्या रकान्यात लिहिला. बहिःस्थ परीक्षकांनी त्यावर लाल रेघ ओढली. निष्कर्षात प्रश्न नसतो, असे त्यांचे म्हणणे. वृक्षाकडे त्यांनी पाहिलेही नाही, समास मात्र मोजले. गुण द्यायचे त्यांच्या हाती आणि अशा माणसांना दरवर्षी बोलावणे येते.

पुढच्या तुकडीला इटलीच्या मुख्य भूमीवरच्या तीन जातींचे क्रमही देणार आहे. त्या पूर्वेकडच्या चौघींना जेनेईपेक्षा जवळच्या निघाल्या, तर फाटाफुटीचा दोष एकट्या मैदानावर टाकणे अवघड होईल.