ठिपके गेल्यानंतरचे दहा दिवस

जळगावच्या आमच्या घरी 60 लिटरची काचेची टाकी आहे आणि तिच्यात गप्पी व मॉली हे छोटे शोभेचे मासे आहेत. टाकी मांडणे, महिनाभर फिल्टर चालवून पाणी तयार करणे, हे सगळे सहज पार पडले. मी अडलो तो माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठण्याच्या आजारापाशी, आणि तेथे जो दीड महिना गेला त्याची चीड अजून मनातून गेलेली नाही.

डिसेंबरात आपल्या खान्देशात दुपारचे ऊन आणि पहाटेचा गारठा यांत मोठे अंतर पडते, टाकीचे पाणीही तसेच वरखाली होते आणि मासे त्या ताणाने अशक्त होतात. नेमक्या त्याच दिवसांत मी दुकानातून चार मॉली आणल्या आणि थेट टाकीत सोडल्या. चौथ्या दिवशी त्यांतली एक तळाच्या खड्यांवर अंग घासू लागली. बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा तिच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटावेत तसे ठिपके दिसले. ‘‘भाऊ, कडुलिंबाचा पाला उकळून ते पाणी टाका, झाडपाल्याने काही होत नसते,’’ असे दुकानदाराने सांगितले. मी पेलाभर काढा ओतला आणि सकाळी दोन गप्पी मरून तरंगत होते. कडुलिंब माशांनाही बाधू शकतो, हे विकणाऱ्याने सांगायला हवे होते.

नंतर मिठाकडे वळलो. लिटरला 2 ग्रॅम या हिशेबाने 120 ग्रॅम खडे मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून दोन दिवसांत थोडे थोडे घातले आणि हीटरने तापमान रोज एक अंश वाढवत 29 अंशांपर्यंत नेले. आठवडाभरात मुलगी आनंदाने ओरडली, ‘‘पप्पा, ठिपके गेले!’’ मी लगेच निम्मे पाणी बदलले आणि हीटर बंद केला. काही दिवसांत ठिपके परतले, तेही आधीपेक्षा दाट. हीच चूक मी पुन्हा एकदा केली.

हे ठिपके एका परजीवीमुळे येतात. तो माशाच्या कातडीखाली असतो तोवर मिठाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. वाढ पूर्ण झाली की तो मासा सोडून तळाशी जातो, कवच धरतो आणि त्यातून शेकडो पिल्ले पोहत बाहेर पडतात. मीठ मारते ते या पोहणाऱ्यांना. म्हणजे ठिपके दिसेनासे होतात तेव्हा आजार तळाशी बसलेला असतो. कोमट पाण्यात हे चक्र काही दिवसांत पुरे होते, थंड पाण्यात आठवडे लागतात. उष्णता द्यायची ती एवढ्याचसाठी. तिसऱ्या वेळी शेवटचा ठिपका गेल्यावरही मी मीठ आणि उष्णता दहा दिवस टिकवली. ते दहा दिवस फार जड गेले, कारण मासे ठणठणीत दिसत होते, मिठाने पाणवनस्पती पिवळ्या पडून सडत होत्या आणि घरातले सगळे ‘‘आता पुरे करा’’ म्हणत होते. मी एक दिवसाआड नळीने तळ उपसत राहिलो, आणि ठिपके पुन्हा आले नाहीत.

मीठ उडून जात नाही, म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी साधेच पाणी घालावे. मीठ फक्त काढून टाकलेल्या पाण्यापुरते घालावे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दुसरा दगड हवाच. टाकीत कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे) असतील तर मिठाचे हे प्रमाण त्यांना सोसेलच असे नाही.

आता रोग येऊ नये म्हणून मी देशी बदामाचे (इंडियन आल्मंड) पान वापरतो. गळून तपकिरी झालेले एक मोठे पान धुऊन टाकीत सोडतो आणि त्याच्या नुसत्या शिरा उरल्या की बदलतो. त्यातील टॅनिन बुरशीला व जिवाणूंना काहीसा आळा घालते, मात्र पांढरे ठिपके त्याने बरे होत नाहीत. आमचे बोअरचे पाणी क्षारांमुळे इतके जड आहे की पानाने त्याची आम्लता फारशी बदलत नाही. गप्पी-मॉलींना जड पाणीच मानवते, त्यामुळे अडत नाही. नळाचे पाणी मात्र क्लोरीन उडण्यासाठी दिवसभर उघडे ठेवतो.

नवा मासा आता तीन आठवडे वेगळ्या टबात राहतो. सध्या ओसरीवरच्या टबात दोन मॉली आहेत. आज त्यांचा अकरावा दिवस आहे आणि रोज रात्री मी बॅटरी घेऊन त्यांच्या शेपट्या पाहतो.