चौथा कट: ११ मिनिटं ४० सेकंद

मागच्या नोंदीत माझ्या शॉर्टफिल्मचा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, २३ मिनिटांचा होता. काल रात्री चौथा कट निघाला, ११ मिनिटं ४० सेकंद. कान महोत्सवात शॉर्टफिल्मला १५ मिनिटांची मर्यादा आहे, ऑस्करला श्रेयनामावली धरून ४०. आपल्याला तिथं कोण बोलावतंय म्हणा, पण आकडा डोळ्यांपुढे असला की कात्री चालते.

गोष्ट तीच. गिरगावातली पागडीची खोली सोडायचा दिवस, आजी दारावरची आजोबांच्या नावाची पाटी काढते. पहिली नऊ मिनिटं मी बिल्डर, दोन मुलांचं भांडण आणि पैशांचे हिशेब यात घालवली होती. अडीच तासांच्या सिनेमात हे सगळं लागतं. उपकथानक हवं, मध्यंतराआधी काहीतरी पेटायला हवं. इथं मुलांचं भांडण संपेपर्यंत आजीची पाळीच येईना. उडवलं सगळं. आता पहिल्याच शॉटमध्ये ती स्टुलावर चढलेली आहे. धाकटा खालून "झालं का गं?" म्हणून ओरडतो, थोरला फिरकतच नाही. भांडण तेवढ्यात कळतं.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, हा ठोकताळा मोठ्या सिनेमाला बऱ्यापैकी लागू पडतो. माझा मात्र पार कोलमडला. लिहिलं होतं, 'आजी पाटी काढते.' तीन शब्द. शूटला स्क्रू गंजलेला निघाला (खरंच, ठरवून नव्हे). स्क्रूड्रायव्हर घसरत राहिला, शेवटी आजीचं काम करणाऱ्या मावशींनी चमच्याचा दांडा घातला. पाटी निघाली, मागे जुन्या पोपटी रंगाचा चौकोन. तो त्यांनी पदरानं पुसला. अडीच मिनिटं, आजीच्या तोंडी एक शब्द नाही. मोठ्या सिनेमात याचा सहा सेकंदांचा शॉट झाला असता.

'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली याच गिरगावात कोरोनेशन थिएटरला लागला. त्याआधी पैसेवाल्यांना पटवायला फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित केलं होतं. एक रोप, बस!

आता रडगाणं. पाटीच्या त्या अडीच मिनिटांत शेजारचा मिक्सर घुसलाय आणि रिकाम्या खोलीचा आवाज (नुसती शांतता, बिघडलेल्या आवाजाच्या जागी भरायला) रेकॉर्ड करायचा मी विसरलो. खोली तर गेली. रविवारी त्याच मजल्यावरच्या काकूंकडे पंखा बंद करून दोन मिनिटं गप्प बसायचंय. काकूंना जमलं म्हणजे मिळवली.