तळ्याकाठी मान टाकलेली बदकं

शहरालगतच्या राखीव पाणथळीत सकाळची फेरी सुरू करण्याआधी मी तळ्याचा काठ दुर्बिणीतून पाहून घेतो. त्या दिवशी पाण्याच्या कडेने बदकं रांगेत बसली होती आणि जवळ गेलं तरी उठत नव्हती. एक पंखांनी वल्हवत पुढे सरकत होतं, दुसऱ्याची मान पाण्यात लोंबत होती.

ही बोटुलिझमची, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराची लक्षणं. आधी पाय लुळे पडतात, मग पंख, मग डोळ्यांवरची तिसरी पापणी आणि शेवटी मान. कित्येक पक्षी विषाने मरण्याआधी बुडूनच मरतात. पण नुसत्या नजरेने बर्ड फ्लूची शक्यता सोडून देता येत नाही. म्हणून आधी पशुवैद्यकीय विभागाला फोन केला, मग त्यांच्या सूचनेप्रमाणे हातमोजे, मास्क, गॉगल घातले आणि फिरायला येणाऱ्यांसाठी काठची वाट बंद केली. माना पिळवटलेल्या असत्या किंवा पक्षी गोल गोल फिरत असते, तर बर्ड फ्लूच्या संशयाने त्यांना हातही लावला नसता.

कारण समोरच होतं. दुरुस्तीसाठी ऐन उकाड्यात तळ्याचं पाणी उतरवलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात गोगलगायी आणि किडे कुजत होते. बोटुलिझमचा जिवाणू गाळात बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं टिकतो. ऊब आणि कुजणारे जीव मिळाले, ऑक्सिजन संपला, की तो वाढतो आणि विष तयार करतो. पण साथ पसरते ती मुख्यतः अळ्यांमुळे. मेलेल्या पक्ष्यातल्या अळ्यांमध्ये विष साठतं, त्यांना स्वतःला काही होत नाही. बदकाने अशा तीन-चार अळ्या खाल्ल्या तरी ते मरू शकतं, मग त्याच्यातही अळ्या पडतात.

जिवंत पक्षी आधी उचलले. पाण्याच्या बाजूने गेलो, नाहीतर ते घाबरून खोल पाण्यात शिरतात. पंख अंगाशी दाबून धरायचे आणि हवेशीर खोक्यात मानेखाली टॉवेलची गुंडाळी द्यायची. चोचीत पाणी ओतायचं नाही. त्यांना गिळता येत नसतं, त्यामुळे पाणी श्वासनलिकेत जातं. ते काम पशुवैद्य नळीने करतात. जे उडू शकत होते, त्यांच्या मागे लागलो नाही.

मग मेलेले पक्षी. लव्हाळ्यात वाकून, पाणकणसाची बुडखी बाजूला सारून शोधावे लागतात. मोकळ्या काठावरचे सगळ्यांना दिसतात. साथ लांबते ती आत राहिलेल्यांमुळे. प्रत्येक पक्षी दुहेरी पिशवीत, आणि खाली अळ्या सांडल्या असतील तर तेवढी मातीही खरवडून त्याच पिशवीत. तपासणीसाठीचा ताजा पक्षी वेगळ्या पिशवीत बर्फावर ठेवला.

पाण्याची पातळी पूर्ववत केली. ती पुन्हा वरखाली झाली की नवे किडे मरतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. लव्हाळ्यातली शोधाशोध मात्र संध्याकाळी पुन्हा केली, कारण उन्हात अळ्या फार लवकर वाढतात.