एजंटनं हमीभाव सांगितला, माणूस टेम्पो भरून गेला

आमचा एजंट म्हणजे व्हॉट्सॲपवर शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारा एआय प्रोग्रॅम. मंगळवारी सकाळीच औशाकडच्या एका शेतकरी कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या एजंटनं आमच्या सभासदाला सोयाबीनचा भाव ५३२८ सांगितला, त्यानं रातोरात टेम्पो भरला, लातूरच्या मार्केटला गेला आणि सौद्यात भाव निघाला त्याच्या बराच खाली. परत न्यायचं तर पुन्हा भाडं, म्हणून आहे त्या भावात देऊन टाकलं त्यानं.

५३२८ म्हणलं की इकडचं शाळेतलं पोरगं पण सांगेल, हा २०२५-२६ च्या हंगामाचा क्विंटलमागचा हमीभाव आहे, बाजारातला नाही.

ऑफिसात सिनियरचं पहिलं वाक्य काय, तर मॉडेल (एजंटच्या आतला एआय) मनाचं सांगतंय, मोठं मॉडेल लावू. हे वाक्य मला आता सहन होत नाही, लॉग, म्हणजे एजंटनं काय काय केलं त्याची नोंद, न उघडता निदान करायची सवयच लागलीय सगळ्यांना. लॉगमध्ये सगळं स्वच्छ दिसत होतं. एजंटनं आधी बाजारभावाचंच टूल, म्हणजे माहिती काढून देणारा छोटा प्रोग्रॅम, बोलावलं होतं, पीक सोयाबीन, बाजार लातूर, तारीख रविवारची. रविवारी मार्केट बंद, त्यामुळं उत्तरात रिकामी यादी आली. बंद आहे असं टूल कुठंच म्हणालं नाही, नुसती रिकामी यादी. मग एजंटनं दुसरं टूल उचललं, तिथं ५३२८ सापडले, ते पाठवले. आकडा आमच्याच डेटाबेसमधला होता, मनाचं काहीच नव्हतं त्यात.

आता ही दोन टूलं पुण्याच्या एका टीमनं लिहून दिलेली. पहिल्याचं वर्णन, 'शेतमालाचा दर मिळवते'. दुसऱ्याचं, 'पिकाचा भाव परत करते'. बास. बाहेरच्या माणसाला हे लक्षात येत नाही की मॉडेलला आतला कोड दिसतच नाही, त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन आणि कोणकोणते पॅरामीटर, म्हणजे पीक, बाजार, तारीख असले तपशील, द्यायचे ते. दुसऱ्या टूलच्या कोडमध्ये हमीभावाचं टेबल आहे हे लिहिणाऱ्याला माहीत होतं म्हणून त्याला ते लिहावं वाटलं नाही, आणि जे वाचणार होतं त्या मॉडेलला उलटून विचारायची सोयच नाही.

मी मार्केट यार्डात ओळखीच्या आडत दुकानात जाऊन बसलो, कारण यात काय लिहायचं ते आमच्या ऑफिसात कोणालाच पुरतं माहीत नव्हतं. भावाचे तीन आकडे येतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण, आणि आमचा एजंट एरवी कमालच पुढं करायचा. मुनीमजी म्हणाले, "भाव इचारणाऱ्याला कमाल सांगू नका बगा, तेवढा भाव एखाद्या वाळलेल्या, स्वच्छ मालाला लागतंय. त्याचा माल तसाच निघंल कशावरून?" हमीभावासाठी आधी नोंदणी लागते, खरेदी केंद्रावर माल न्यावा लागतो, ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत लागतो, हे पण त्यांनीच एका दमात सांगितलं.

मग नवीन वर्णन लिहिलं. बाजारभावाच्या टूलला: 'दिलेल्या बाजार समितीत दिलेल्या तारखेला प्रत्यक्ष सौद्यात निघालेला भाव, रुपये प्रति क्विंटल. कोणी नुसता भाव विचारला तर हेच टूल वापरावं. सांगताना सर्वसाधारण भाव आधी, किमान-कमाल नंतर, आणि तारीख कायम सोबत. हमीभाव यात नाही.' हमीभावाच्या टूलला: 'केंद्र सरकारनं हंगामासाठी जाहीर केलेला दर. आडतीत हा भाव मिळेलच असं नाही. बाजारभाव सापडला नाही म्हणून त्याच्या जागी हे टूल वापरू नये.' पिकाचं नाव आधी मोकळं होतं, कधी सोयाबीन कधी सोयाबिन, तिथं ठरलेली यादीच दिली, त्यातलंच एक निवडायचं. टूलची नावं बदलली. आणि रिकाम्या यादीच्या जागी आता उत्तर येतं, 'या तारखेला बाजार बंद, शेवटचा सौदा अमुक तारखेचा, भाव अमुक'. मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक या शेवटच्या ओळीनं पडला, आणि टूलच्या उत्तराकडं कोणी बघत नाही, सगळे प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला दिलेल्या सूचनेत, 'खरं बोल, अचूक बोल' लिहीत बसतात.

सिनियरची तक्रार आली, वर्णन लांबलं, प्रत्येक मेसेजला एवढे टोकन (मॉडेल वाचतं ते शब्दांचे तुकडे, त्यावरच बिल येतं) जातील. जातात, खरं आहे. पण टेम्पोचं भाडं आमच्या बिलात दिसत नाही म्हणून ते खर्चात धरायचंच नाही का? मी एक शब्द कमी केला नाही.

तोच प्रश्न परत टाकून बघितला, रविवारचीच तारीख. शनिवारचा भाव, तारखेसकट, नीट आला. बाकीचे जुने प्रश्न पण चालवले, जिथं टूल बोलवायची गरजच नाही असे सुद्धा.

पण त्या माणसाचा मूळ मेसेज मी रोज वाचतोय. त्यात लिहिलंय, 'उद्या सोयाबीन लातूरला नेऊ का, भाव काय चालू हाय'. नेऊ का हे आधी आहे, भाव नंतर. मी वर्णनात लिहून टाकलंय की यावरून विकायचा किंवा थांबायचा सल्ला देऊ नये, आणि ते बरोबरच वाटतंय, तरी त्याच्या प्रश्नाला उत्तर काही मिळालेलं नाही. मुनीमजींना विचारलं तर म्हणाले, "आमी बी ने म्हणत नाही की नको म्हणत नाही, पर ओलावा किती हाय आन पैशाची नड कवा हाय, हे दोन इचारतोच." ओलावा आता पॅरामीटर म्हणून घातलाय. नडीचं एजंटनं विचारावं का, यावर ऑफिसात वाद चालू आहे. सिनियर म्हणतो तो आपला विषय नाही. मी म्हणतो विचारावं, सांगायचं नसेल तर शेतकरी सांगणार नाही.