अन् कापूस कुठी ठेवाचा?

नवीन घराचा नकाशा मोबाइलवर आला. नात्यातला पोरगा वर्ध्याला इंजिनिअर आहे, त्यानंच काढून दिला. पैसे घेणार नाही म्हणाला, त्यामुळे खोड्या काढायचा हक्क आमच्याकडे फारसा उरला नाही. दुपारची जेवणं आटोपून सपरीत सगळे त्या टीचभर पडद्यावर वाकलो. हॉल, किचन, खाली दोन बेडरूम, वर दोन, एक अटॅच, एक कॉमन. ईशान्येला देवघर, आग्नेयेला शेगडी, सगळं वास्तुशास्त्राबरहुकूम. बाबांना अक्षरं दिसेनात म्हणून माझ्या पोरानं एकेक खोली मोठ्यानं वाचून दाखवली. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सुपारी कातरून तोंडात टाकली आणि विचारलं, "अन् कापूस कुठी ठेवाचा?"

जिन्याखाली स्टोअर होतं, सहा बाय पाचचं. पोरानं त्यावर बोट ठेवलं. बाबा नुसते हसले.

आमच्या जुन्या घरात माणसांसाठी म्हणून खोली नव्हतीच. देवाची होती, धान्याची होती, बैलांना कोठा होता. बाळंतिणीची एक अंधारी खोली होती, पण घरात बाळंतीण नसली की तीही तुरीच्या पोत्यांना जायची. माणसं उरल्या जागेत झोपत. उन्हाळ्यात अंगणात, पावसाळ्यात सपरीत, थंडीत चुलीमागच्या भिंतीला पाठ लावून. आणि घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात कोरडी, सागाच्या दाराची खोली कापसाची. तिथे कवेलू दरसाल आधी फेरले जात, मग बाकीच्या घराचे.

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी लागली की ती खोली भरू लागे. संध्याकाळी बायका ओट्या रित्या करत, आजोबा काट्याजवळ उभे राहून वजन बोलत आणि आई वहीत लिही. आत ढीग वाढला की तो तुडवायचं काम आम्हा पोरांचं. तुडवायचं म्हणजे माळ्यावरून उडी मारायची, कमरेपर्यंत आत जायचं, पाय ओढून काढायचे आणि पुन्हा शिडी चढायची. कापूस आतून गरम असतो, हे ज्यानं डिसेंबरात त्यात हात खुपसला त्यालाच माहीत. सरकीचा तो किंचित तेलकट वास, केसात अडकलेला पाचोळा, कानात गेलेले तंतू. रात्री अंगभर गांध्या उठायच्या आणि आई खोबरेल तेल चोळता चोळता उद्या गेलास तर तंगडं मोडीन म्हणायची. दुसऱ्या दिवशी तीच ओरडे, "अरे, तुडवा ना रे, दार लागून नाही राहिलं!"

त्या खोलीचे कायदे कडक. कंदील आत न्यायचा नाही. आजोबा आयुष्यभर बिडीवाले, पण त्या उंबऱ्याला आले की बिडी विझवून कानावर ठेवत. आता नकाशात प्रत्येक खोलीत दोन प्लग, एक टीव्हीचा पॉइंट. कापसाच्या खोलीत वायर नको, हे फिटिंगवाल्याला पटवून देताना नाकी नऊ येणार आहेत.

आणखी एक सांगायचं राहिलं. सोयरे मुलगा पाहायला आले की त्या खोलीचं दार मुद्दाम अर्धं उघडं असे. पाहुण्यांच्या नजरेला भरलेला ढीग पडला पाहिजे. माझ्या लग्नाच्या बोलणीत हे घडलं असा बायकोचा दाखला आहे. तिच्या वडिलांनी मला कमी आणि कापूस जास्त पाहिला, असं ती अजून म्हणते.

कापूस घरात इतके दिवस का राहायचा, हे पोरांना सांगून समजत नाही. राज्यात १९७२ला कापूस एकाधिकार योजना आली. मग कापूस विकायचा तो सरकारलाच. संकलन केंद्रावर बैलबंड्यांच्या रांगा लागत, बाबा बंडीखाली घोंगडी टाकून झोपत, आणि माप झालं तरी चुकारा हप्त्याहप्त्यानं. नंबर लागेपर्यंत माल घरात. ती योजना गेली, आता खेडा खरेदीवाला दारात टेम्पो लावतो, नाहीतर थेट हिंगणघाटच्या जिनिंगला. "मग खोली कशाला?" हा पोराचा मुद्दा बिनतोड होता, २०२२ येईपर्यंत. त्या साली उन्हाळ्यात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात गावात जो तो कापूस दाबून बसला. हॉलमध्ये कापूस, दिवाणावर कापूस. एका घरी तर टाइल्स लावलेल्या बेडरूममध्ये ढीग आणि नवराबायको गच्चीवर. भाव सात-आठ हजारांवर आला. बायापोरं अंग खाजवून हैराण. म्हणजे खोली असो नसो, कापूस आपली जागा करून घेतोच. निदान त्याला त्याची हक्काची देऊन टाकावी, म्हणजे तो आमच्या गादीवर येणार नाही.

माझं स्वतःचं मागणं वेगळंच आहे आणि त्याला घरात कोणी भीक घालत नाही. मला एक खिडकी जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी. इंजिनिअर तीन फुटांच्या खाली उतरायला तयार नाही. म्हणतो, काका, आउट दिसते. अरे बाबा, तीन फूट हा खुर्चीवर बसणाऱ्याचा हिशेब झाला. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत आमच्याकडे खुर्चीवर कोण बसतं? दुपारी फरशीवर पाणी शिंपडून, उघड्या पाठीनं आडवं व्हायचं आणि पडल्या पडल्या कडुनिंबाखाली कोणाची गाय येऊन बसली ते पाहायचं. १९३६ला गांधीजी वर्ध्याजवळ सेगावला, म्हणजे आताच्या सेवाग्रामला, राहायला आले. तिथल्या बापूकुटीत देशाचे पुढारी जमिनीवर मांडी घालूनच बोलायचे. वर्ध्याच्या माणसाला हे मी सांगायचं!

त्यातल्या त्यात कूलरच्या खिडकीवर एकमत झालं. उत्तरेला, सावलीत, खाली स्टँडला जागा आणि नळ हाताशी. पण समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला दुसरी खिडकी ठेवा म्हटलं, तर ती जागा सोफ्याला दिलेली. हवेला निघायला वाट नसली की कूलर खोलीत नुसती ओल भरतो, अंगाला चिकचिक. शेवटी सोफा हलला. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला शोकेसमध्ये कप्पाही मिळाला.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आई तुरीची डाळ पाखडत बाजूला बसली होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं. सूनबाईनं विचारलं, आई, तुमचं काही? वाटलं, तुळशीचं काढेल, नाहीतर संडास देवघरापासून लांब ठेवा म्हणेल. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "फवारणीचं औषद घरात नाई ठेवाचं."

जुन्या घरी ते कापसाच्या खोलीतच असायचं, दारामागे, फवाऱ्याच्या पंपाशेजारी. २०१७ला यवतमाळकडे फवारणी करता करता माणसं दगावली, तेव्हा बाबांनी तोंडाला दुपट्टा बांधायला सुरुवात केली, डबे मात्र तिथेच राहिले. आईचं म्हणणं, बाहेर कोठ्याच्या अंगाला लोखंडी पेटी करा, तिला कुलूप लावा, आणि किल्ली माझ्याजवळ. "नापिकीच्या साली तं मी कोनालेच देनार नाई. फवारा दुसऱ्याकून मारून घ्या."

बाबा काही बोलले नाहीत. आमच्या गल्लीत अशी दोन घरं आहेत, त्यांचा विषय आमच्याकडे निघत नाही. पोरानं मान खाली घालून नकाशाखाली टाइप केलं, पेटी, अडीच बाय दोन, बाहेरून. मग आईनं सूप उचललं आणि ओट्याची उंची सुनेलाच ठरवू द्या म्हणाली.